मागच्या चाकांचा हिवाळा

म्युनिकमध्ये गाडी घ्यायची ठरली, तेव्हा ओळखीतल्या बहुतेकांनी बजावलं की मागच्या चाकांवर चालणारी घेऊ नकोस, बर्फात चढावर अडकशील, वळणावर गाडी फिरेल. मी तरीही जुनी बीएमडब्ल्यू ३२०आय घेतली, ई९० पिढीतली. पुढची चाकं फक्त वळतात आणि ढकलण्याचं काम मागची करतात. ही कामाची वाटणी स्टिअरिंगवर हाताला स्पष्ट कळते आणि मला ती मनापासून आवडते. आल्प्सच्या पायथ्याशी याच गाडीने हिवाळे काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: बर्फात गाडीला नावं ठेवण्याआधी खाली वाकून तिचे टायर बघावेत.

लोक म्हणतात त्यात तथ्य आहेच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनचं वजन नेमकं त्याच चाकांवर पडतं, त्यामुळे ती निसरड्या रस्त्यावर सहज हलते. माझ्या गाडीत मागची बाजू तेवढी जड नाही. पूर्वी इथे डिकीत वाळूची पोती टाकायची पद्धत होती. पण ब्रेक दाबल्यावर सैल पोतं पुढे येतं, आणि वजन वाढलं की गाडी थांबायलाही जास्त अंतर लागतं. त्यापेक्षा तोच खर्च टायरवर करावा.

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त असते, म्हणून तो थंडीतही मऊ राहतो. नोव्हेंबरातल्या एका गारठलेल्या सकाळी तळघरात दोन्ही टायर शेजारी ठेवून मी नखाने दाबून पाहिले होते. उन्हाळी टायरवर नख घसरलं, हिवाळी टायर खोडरबरासारखा दबला. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्याने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. चाक रस्त्याला टेकलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो तो चांगलाच, कारण बर्फावर बर्फ रबरापेक्षा जास्त पकडतो.

निवडताना खरा प्रश्न रुंदीचा होता. गाडी माझ्याकडे आली ती १८ इंची रिमांवर, पुढे २२५ आणि मागे २५५ रुंदीचे टायर घालून. दिसायला देखणी. हिवाळ्यासाठी मी चारही चाकांना २०५/५५ आर १६ घेतले. दुकानदार मोठ्या रिमांचा आग्रह धरत होता, पण अरुंद टायर पाणचट बर्फ कापून खाली रस्त्यापर्यंत पोचतो, जाड बाजूमुळे खड्डे सोसतो आणि स्वस्तही पडतो. शिवाय चारही सारखे असले की पुढचे मागे टाकता येतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला याची फार गरज असते, कारण तिचे मागचे टायर लवकर झिजतात.

टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह हवंच. जर्मनीत बर्फाळ किंवा गोठलेल्या रस्त्यावर तशा टायरशिवाय गाडी चालवता येत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम+एस’ लिहिलेला टायर चालत नाही. वय डॉट क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. दुकानात टायर बसवण्याआधी मी ते वाचते.

केसेलबर्गचा घाट कोखेलहून वाल्खनझेकडे चढतो, वळणावर वळणं घेत. एकदा मी तिथून जात होते तेव्हा पहाटेपासून बर्फ पडत होता आणि मीठ टाकणारी गाडी अजून यायची होती. एका वळणाच्या वर रुंद टायरांची एक दणकट गाडी आडवी होऊन थांबली होती, चाकं जागच्या जागी गरगरत होती. मी बरंच अंतर ठेवून थांबले. निघताना दुसरा गिअर टाकला, क्लच सावकाश सोडला आणि ट्रॅक्शनचं बटण एकदा दाबलं, म्हणजे चाकं किंचित घसरली तरी यंत्रणा लगेच ताकद तोडत नाही. मागची बाजू जराशी हलली आणि मग टायरांनी पकड घेतली. चढावर वजन मागे सरकतं, त्यामुळे टायर धड असतील तर मागून ढकलणारी गाडी चढते, आणि छान चढते.

उताराची गोष्ट वेगळी. कुठली चाकं गाडी ओढतात हा प्रश्न निघताना आणि चढताना येतो. थांबायचं असतं चारही टायरांनी. चारही चाकांवर चालणारी गाडी उन्हाळी टायरवर उतरताना तशीच घसरते. एबीएस असो की ट्रॅक्शन कंट्रोल, रबराकडे नसलेली पकड त्यांना आणता येत नाही. म्हणून ‘मागचे दोनच हिवाळी टाक’ हा सल्ला मला धोकादायक वाटतो. पुढची चाकं घसरली तर वळणार कशाने?

इथे हिवाळी टायरसाठी ऑक्टोबर ते ईस्टर असा ठोकताळा आहे. चाकं मी स्वतः बदलते. काढलेल्या प्रत्येक चाकावर खडूने जागा लिहिते, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासते, बोल्ट समोरासमोरचे घेत आधी हाताने आणि मग टॉर्कच्या पान्याने १२० न्यूटन मीटरला आवळते. ५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावते. पारा १० अंशांनी उतरला की हवा साधारण ०.१ बार कमी होते, त्यामुळे कडाक्याची थंडी पडली की गाडी थंड असतानाच हवा बघते. खाचेत दोन युरोचं नाणं उभं घालायचं: त्याची रुपेरी कड दिसेनाशी झाली तर खोली ४ मिलिमीटरच्या वर आहे. जर्मन कायद्याला १.६ पुरतात, पण ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ लागतात, आणि माझं इन्सब्रुकला जाणं-येणं असतं. वसंतात रिमांसकट टायर धुऊन, वाळवून तळघरात एकमेकांवर आडवे रचते, बॉयलरपासून आणि तेलापासून लांब. रिम नसतील तर उभे ठेवावेत.

साताऱ्याला दादाकडे बोलेरो आहे, तीही मागच्या चाकांवर चालणारी. तिकडे बर्फ नाही, पण पावसाळ्यात महाबळेश्वरचा घाट असतो. मागच्या जूनमध्ये त्याने फोन केला, “अगं, दोनच नवे घेतोय. पुढं टाकू का मागं?” मी म्हटलं, “मागे टाक, दादा. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते. तुला कळतं, तू वेग कमी करतोस. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि सावरायला वेळ मिळत नाही.” पुढच्या जुन्या टायरांची नक्षी किती उरलीय, विचारलं. तो खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, “गोटा झालेत.” मग त्याने चारही घेतले.