न जुळणारा मेळ

अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेली वसाहत. समर्थ सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की येथील बाजाराला जाग येते आणि उसाचे बिल हाती पडले की किराणा दुकानांतील उधारीची पाने मिटू लागतात. अशा गावात दुकानदाराची निम्मी पुंजी खातेवहीत असते.

या दुकानातील खातेवही 2014च्या अक्षय्य तृतीयेपासून संगणकात गेली होती. वाणिज्य शाखेतून पदवी घेऊन आलेल्या पुतण्याने हट्टच धरला होता, "काका, एकच नोंद दोनदा कशाला लिहायची?" काकांनी चाळीस वर्षे लाल वही लिहिली होती. त्यांनी फारसा वाद न घालता लेखणी खाली ठेवली. पुतण्याने टॅलीवर काम सुरू केले, ते चोखही होते. बॅकअप घेण्याचे मात्र दर महिन्याला ठरे आणि राही. शेवटचा बॅकअप जूनमधला होता.

विधानसभा निवडणुकीचा निकाल लागला त्या रविवारी, 19 ऑक्टोबरला, सायंकाळी विंडोज सुरू होईनासे झाले. काळा पडदा, त्यावर दोन ओळी, पुन्हा काळा पडदा. लक्ष्मीपूजन गुरुवारी होते आणि त्या दिवशी वहीपूजन.

चार महिन्यांची उधारी अडकली हे दुःख होतेच. काकांची झोप मात्र एका वेगळ्याच नोंदीने उडवली. शनिवारच्या गर्दीत एका शेतकऱ्याने साडेचौदा हजार रुपये जमा केले होते. रक्कम संगणकात चढली, पावती "नंतर घेऊन जातो" म्हणून राहिली. जवळच्या एका वस्तीवर राहणाऱ्या दोन सख्ख्या भावांपैकी तो एक, एवढे काकांना आठवत होते. धाकटा की थोरला, हे आठवत नव्हते. दोघा भावांत बांधावरून बोलणे बंद होते आणि दोघांचीही उधारी जवळपास सारखीच होती. एकाला विचारावे, तर दुसऱ्याने पैसे भरल्याचे त्याला कळणार आणि वस्तीवर नवा विषय होणार.

"विचारून टाकू की," पुतण्या म्हणाला.

"आपले चार पैसे बुडाले तर धंद्यात भरून निघतील," काका म्हणाले. "ज्याने दिले त्याच्याकडे पुन्हा मागितले, तर ते कशाने भरून निघेल?"

पुतण्याचा बेत योग्य होता. विंडोज नव्याने टाकण्याच्या घाईत हार्ड डिस्क पुसली गेली, तर हिशेबही गेला असता. म्हणून त्याने मित्राकडून उबुंटूची डीव्हीडी आणली. संगणक त्या डीव्हीडीवरून सुरू केला, तर हार्ड डिस्कवर काहीही न लिहिता आतील फाइली पेनड्राइव्हवर उतरवता येतात. जुना मदरबोर्ड पेनड्राइव्हवरून सुरू होत नव्हता, तेव्हा डीव्हीडी हाच मार्ग उरला. ही सोय 1995 साली आली. फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी 'एल टोरिटो' नावाची पद्धत ठरवली. तबकडीवरील ठरावीक जागी, सतराव्या सेक्टरमध्ये, यंत्राने कोठून सुरुवात करायची याचा पत्ता लिहिलेला असतो. अनेकजण उतरवून घेतलेली आयएसओ फाइल नुसतीच तबकडीवर टाकतात आणि मग ड्राइव्हला दोष देतात. पुतण्याने तीही खातरजमा केली होती. दुसऱ्या संगणकावर त्याच्या तबकडीत एकच मोठी फाइल न दिसता अनेक फोल्डर दिसत होते. म्हणजे तबकडी बरोबर होती.

त्याने डिलीटची कळ दाबून बायोस उघडले, पहिला क्रमांक सीडीरॉमला दिला आणि बदल जतन केला. ड्राइव्हचा दिवा लागला, तबकडी फिरली आणि यंत्र पुन्हा त्याच आजारी विंडोजकडे गेले. रात्री नेहमीप्रमाणे काकांनी दुकानाचा मेन स्विच बंद केला.

सोमवारी पुतण्याने जालन्याला जाऊन नवा ड्राइव्ह आणला आणि जुन्याच केबलला जोडला. परिणाम शून्य. मंगळवारी सकाळी त्याचे लक्ष मदरबोर्डाकडे गेले. त्यावर केबल जोडण्याच्या चार खोबणी एका रंगाच्या होत्या आणि दोन वेगळ्या रंगाच्या. ड्राइव्हची केबल वेगळ्या रंगाच्या खोबणीत होती. त्याने ती चारांपैकी एकीत लावली. तरीही काही नाही. "म्हणजे खोबणीचा दोष नाही," असे म्हणून त्याने केबल होती तेथे परत लावली. हातात आलेले उत्तर त्याने असे परत ठेवून दिले, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळले.

त्या सायंकाळी काका सूर्यास्तापूर्वी जेवून दुकानात परतले आणि संगणकासमोर बसले. संगणकातले त्यांना काही कळत नव्हते. मेळ कसा लावावा हे मात्र कळत होते. रोजमेळात फरक आला की जुने मुनीम घाबरत नसत. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर बहुधा आकडे उलटे पडलेले असत. 5,400 ऐवजी 4,500 लिहिले, तर 900चा फरक पडतो. फरकाची निम्मी रक्कम पानावर कोठे सापडली, तर जमेची नोंद नावे पडल्याचा संशय घ्यावा. आणि दोन चुका एकत्र असतील, तर एक दुरुस्त करूनही मेळ बसत नाही, म्हणून केलेली दुरुस्ती खोडून टाकू नये. ही शेवटची गोष्ट पुस्तकांत क्वचितच सापडते.

त्यांनी कागद घेतला, मध्ये रेघ मारली. "डावीकडे काय केलेस, उजवीकडे काय झाले. रविवारपासून सांग."

चौथ्या ओळीशी त्यांनी विचारले, "रविवारी क्रम बदललास. मंगळवारी तो बदललेलाच होता, हे पाहिलेस?"

पाहिले नव्हते. गृहीत धरले होते.

यंत्र सुरू करून बायोस उघडले. पहिला क्रमांक हार्ड डिस्कचाच होता. काकांची नजर मात्र वरच्या कोपऱ्यात गेली. "अरे, ही तारीख 1 जानेवारी 2008 कशी?"

तेव्हा दुकानातील मदतनीस मुलगा सहज बोलला की हे यंत्र दोन वर्षांपासून रोज सकाळी तक्रार करते आणि एफ-वन दाबले की पुढे जाते. टॅलीत नोंदीची तारीख हाताने घालता येते, म्हणून कोणाचे अडले नव्हते. रोज दाबली जाणारी कळ म्हणजे रोज येणारी सूचना, हे मात्र कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर 2032, तीन व्होल्टची. वीज नसताना तारीख आणि बायोसमधील निवड तीच सांभाळते. ती संपलेली होती. दिवसा वीज असे तोवर निवड टिके, रात्री काकांचा मेन स्विच बंद झाला की पुसली जाई. केबल बदलतानाही वीज काढावी लागत होती, म्हणजे पुतण्या प्रत्येक वेळी आदल्या दिवशीच्या श्रमांवर पाणी फिरवूनच नवा प्रयोग करीत होता.

बुधवारी सकाळी घड्याळजीकडून बॅटरी आणली. ती बसवून तारीख भरली, क्रम बदलला, वीज काढून पुन्हा जोडली. क्रम टिकून होता. तरी डीव्हीडी सुरू झाली नाही. पुतण्याचा चेहरा उतरला. "छान," काका म्हणाले, "एक चूक मिटली. आता दुसरी." कागदावर खूण झाली. मग केबल चारांपैकी एका खोबणीत गेली.

पडद्यावर जांभळा रंग आला.

वेगळ्या रंगाच्या दोन खोबणी मदरबोर्डावरील निराळ्या चिपच्या होत्या. विंडोज सुरू झाल्यावर तेथील ड्राइव्ह चालत असे, परंतु यंत्र जागे होताना त्या चिपकडे पाहतच नव्हते. कधीतरी साफसफाईत केबलची जागा बदलली असावी. ड्राइव्ह रोज चालत होता, म्हणून कोणाला कळण्याचे कारणच नव्हते. जालन्याहून आणलेला ड्राइव्ह खोक्यात घालून परतीसाठी ठेवला गेला.

टॅलीचे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरले. ते मित्राच्या संगणकावर उघडेपर्यंत पुतण्या काही बोलला नाही. शनिवारच्या जमा बाजूला थोरल्या भावाचे नाव होते, रुपये 14,500.

गुरुवारी वहीपूजनाच्या पाटावर पेनड्राइव्हशेजारी लाल वहीही आली. पुतण्यानेच ती आणली होती. काकांनी पहिल्या पानावर 'श्री' रेखले आणि लेखणी पुतण्याच्या हाती दिली.

पाडव्यानंतर थोरला भाऊ किराणा न्यायला आला. काकांनी त्याच्यासमोर शनिवारची पावती ठेवली. त्याने ती न वाचताच खिशात घातली आणि गुळाचा भाव विचारला.