एक थेंब आणि एक वही

आमच्याकडे मधुमेहाला कुणी मधुमेह म्हणत नाही, ‘शुगर’ म्हणतात. शुगर ही शहरातल्या, बसून खाणाऱ्यांची बिमारी, हा समज खेड्यात अजून पक्का आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. शहरी भागात 16.4 टक्के, ग्रामीण भागात 8.9 टक्के. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांत खेडे आणि शहर जवळपास बरोबरीत आहेत, 15 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे उद्याचे कितीतरी रुग्ण आज कापूस वेचत आहेत.

माझ्या अम्मीला शुगर आहे. पूर्वी तपासणी म्हणजे उपाशी पोटी तालुक्याला जाणे, एसटीची वाट, लॅबची रांग आणि माझी एक रजा. त्यामुळे ती वर्षातून दोनदाच व्हायची. आता घरात ग्लुकोमीटर आहे. अम्मी साबणाने हात धुऊन नीट पुसते, कारण बोटाला गूळ किंवा खजूर लागलेला असला तर आकडा खोटाच वाढतो. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचते, तिथे दुखते कमी. सुई ज्याची त्याला. एकच सुई घरभर फिरली तर काविळीसारखे आजार रक्तातून पसरतात.

आकडा ती वहीत उर्दूत लिहिते. डॉक्टरांना उर्दू येत नाही, म्हणून शेजारी मी मराठीत लिहिते: ‘काल दावत होती’, ‘गोळी संपली होती’. डॉक्टर औषध बदलतात ते ही वही बघून. नुसते मशीन कपाटात ठेवून शुगर उतरत नाही.

खरी अडचण रमजानमध्ये येते. शेजारच्या खाला इन्शुलिन घेतात आणि रोजेही ठेवतात. एकदा असरच्या सुमारास त्यांचे हात थरथरू लागले, घाम फुटला. मी मशीन आणले तर म्हणाल्या, “खून निकला तो रोजा टूटता नै क्या?” बाजूच्या मशिदीतल्या मौलानांना फोन लावला. ते म्हणाले, बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, आधी तपासा. आकडा आला 58. मधुमेह आणि रमजान यांवरची आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिका सांगते की शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा. खालांनी रडत रडत साखरपाणी घेतले. आजारी माणसाला रोज्याची सवलत खुद्द कुरआननेच सूरह बकरामध्ये दिली आहे. ती घेण्यात कसली शरम?

त्या वर्षी मौलानांनी जुम्याच्या बयानात हा विषय घेतला. माझ्या दहा वेळा सांगण्याने झाले नसते ते त्या पाच मिनिटांत झाले.

तरी एक प्रश्न उरतोच. मशीन एकदाच घ्यावे लागते, पट्ट्या मात्र सतत. मजुरीवर चालणाऱ्या घरात बाई आधी मुलांची वही घेते, स्वतःची पट्टी नंतर. आशाताई तिशीपुढच्यांची तपासणी करतात, ते चांगलेच आहे. पण निदान झाल्यावर दर महिन्याला गोळ्यांबरोबर थोड्या पट्ट्याही उपकेंद्रातून मिळायला हव्यात. ग्रामसभेत हे मागायला आपण बायकांनी उठून उभे राहिले पाहिजे. यंदाच्या रमजानआधी आमच्या मोहल्ल्यातून आम्ही तसा अर्ज देणार आहोत. तुमच्या गावातूनही द्या.