धोबी तलावावरील विजेची गिटार

मुंबईच्या धोबी तलावावर आज तलावही नाहीं आणि धोबीही नाहींत. तलाव केव्हांच बुजला, नांव तेवढें राहिलें. वासुदेव बळवंत फडके चौकांत उभें राहिलें असतां १९३८ सालचें मेट्रो चित्रगृह दिसतें. गोव्याहून पोटापाण्यासाठीं आलेल्या ख्रिस्ती मंडळींचीं ‘कूड’ नांवाचीं गांववार सामाईक बिऱ्हाडें याच बाजूस. गोव्यांतील कित्येक वादकांनीं व्हायोलिन, ट्रम्पेट हातीं घेऊन हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नांव काढिलें. अशा वस्तींत पाश्चात्त्य वाद्यांचीं दुकानें रुजावीं, यांत नवल नाहीं; फुर्तादो यांची पेढी तर १८६५ पासूनची आहे.

या भागांतील एका दुकानांत आम्हीं विजेवर वाजणारी गिटार प्रथमच हातीं घेतली. ‘काका, आधीं नुसतीच छेडून पाहा, मग वायर लावतों,’ विक्रेता तरुण म्हणाला. छेडली, तों डांस गुणगुणावा एवढाच नाद! सतारीस भोपळा असतो. येथें केवळ भरीव लाकूड. तारांखालीं लोहचुंबक, व त्याभोंवतीं तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचीं हजारों वेटोळीं. वरची पोलादी तार कंप पावली कीं वेटोळ्यांत तितक्याच आवर्तनांचा क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो वाढवून कर्ण्यांतून ऐकवावयाचा. म्हणजे हिचा भोपळा हातभर दूर, पेटींत ठेविलेला! अमेरिकेंत रिकनबॅकर यांची अशी गिटार १९३२ सालीं विक्रीस आली.

आमचें लक्ष मात्र पडद्यांकडे होतें. सतारीचे पडदे सरकवितां येतात. हिचे ठोकून बसविलेले. बारावा पडदा तारेच्या मध्यावर, तेथें वरचा षड्ज. आणि सप्तकाचे बारा स्वर समप्रमाणांत वांटलेले. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या खर्जांतून उमटणाऱ्या स्वयंभू गांधाराहून या वांटणींतला गांधार सुमारें १४ भाग चढा पडतो. गिटारीची सहावी व पहिली तार एकाच स्वरांत, दोन सप्तकांच्या अंतरानें लावितात. सहावीचा षड्ज सोडून पहिलीच्या चौथ्या पडद्यावर गांधार वाजविला, तो कानास टोंचला.

आम्हीं तसें म्हणतांच त्या तरुणानें तिसऱ्या पडद्यावर, म्हणजे कोमल गांधारावर, बोट ठेवून तार आडवी ओढिली. स्वर हळूहळू चढूं लागला. ‘थांबा, येथेंच!’ आम्ही म्हणालों. चौथ्या पडद्याच्या किंचित् अलीकडे तो गांधार षड्जांत असा मिसळला कीं दोन तारा वाजताहेत याचा क्षणभर विसर पडावा. तरुण हंसून म्हणाला, ‘काका, ब्लूज वाजविणारे हेंच करतात.’ आपल्याकडे याच क्रियेस मींड म्हणतात.

१९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें बाजाच्या पेटीवर बंदी घातली, ती १९७१ सालीं शिथिल झाली. आक्षेप हाच कीं, पेटीचे स्वर जागचे हलत नाहींत. गिटारीचे पडदे अचल असले तरी तार चल आहे. हा आक्षेप तिला पूर्णांशानें लागूं पडत नाहीं. घरांतील मुलानें हें वाद्य मागितलें, तर केवळ परकें म्हणून नाकारूं नये. आणावें, आणि शेजारीं तंबोरा लावून ठेवावा. गांधार कोठवर ओढावयाचा हें मुलाचा कान मग आपोआप शिकेल.