दिलेला शब्द

सेवानिवृत्त होतांना, धंतोलीच्या आमच्या घरांतील सातही नातवंडांना रोज सायंकाळीं अमरकोश शिकवीन, असें मीं मोठ्या तोऱ्यांत सांगितलें होतें. पुढें डॉक्टरांनीं फार बोलणें वर्ज्य केलें. तथापि दिलेला शब्द मागें कसा घ्यावा? धाप लागे, सूनबाई रागावत, आणि मी शिकवीतच राहीं.

अशांत रजनीकांतांची वार्ता वाचनांत आली. बंगळूरच्या मराठी घरांत १९५० सालीं जन्मलेले हे शिवाजीराव गायकवाड. बसवर कंडक्टरी केली, १९७५ सालीं तामिळ चित्रपटांत आले आणि तेथील लोकांचें दैवत बनले. एम्. जी. रामचंद्रन् व जयललिता पडद्यावरूनच मुख्यमंत्रिपदीं गेलीं. यांनाही ती वाट मोकळी दिसत होती. ३१ डिसेंबर २०१७ रोजीं त्यांनीं राजकारणांत उतरण्याचें जाहीरही केलें. पण रक्तदाबामुळें रुग्णालयांत राहावें लागल्यावर, २९ डिसेंबर २०२० रोजीं, चाहत्यांची क्षमा मागून ते मागें फिरले. लक्षावधींपुढें! मला तर सातांनाच सांगावयाचें होतें.

त्या सायंकाळीं पुस्तक उघडलें, आणि सांगून टाकलें. घटकाभर कोणीच बोलेना. मग धाकटी म्हणाली, "आजोबा, आम्ही म्हणतों, चुकलों तर तुम्ही नुसतें बोट वर करा."