सेंट अ‍ॅन्सचा मळा आणि आम्ही दोघे

नॉटिंगहॅमच्या मध्यवस्तीकडे पाठ करून ईशान्येचा चढ चालू लागलात, की विटांच्या घरांच्या ओळी मागे पडतात आणि उंच कुंपणांमधली एक अरुंद वाट लागते. कुंपण हॉथॉर्नचे, काटेरी आणि इतके दाट की पलीकडचे काही दिसू नये. दोहों बाजूंना अधूनमधून लाकडी फाटके. पहिल्या दिवशी मला वाटले, आपण कोणाच्या तरी खाजगी आवारात शिरलो आहोत आणि आता कोणीतरी हटकणार. हटकले कोणीच नाही. एका फाटकाआडून फक्त खोऱ्याचा आवाज येत होता.

या जागेला सेंट अ‍ॅन्स अलॉटमेंट्स म्हणतात. सुमारे ७५ एकरांचा हा परिसर शहरी भाजीबागांमध्ये जगातील सर्वांत जुन्या आणि विस्तीर्ण बागांपैकी एक मानला जातो. राणी व्हिक्टोरियाच्या काळी लेसच्या धंद्याने हे शहर दाटीचे झाले होते. दुकानदार आणि कारागीर कुटुंबांना घरामागे हातभर जमीनही नसे. त्यांनी गावाबाहेरच्या या टेकड्यांवर बागेचे तुकडे भाड्याने घेतले, भोवती कुंपणे लावली, कोणी विटांची छोटी विश्रांतिगृहेही बांधली. त्यांतील काही आजही उभी आहेत आणि संपूर्ण परिसराला वारसास्थळाचा दर्जा मिळालेला आहे.

अलॉटमेंट म्हणजे नागरिकाला भाजीपाला पिकवण्यासाठी वार्षिक भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. १९०८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये ही व्यवस्था पक्की झाली. पिकवावे ते घरी खाण्यासाठी, त्याचा व्यापार करू नये, असा रिवाज. मोजमाप अजूनही ‘रॉड’ या जुन्या एककात चालते. पूर्ण तुकडा दहा रॉडांचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर.

“अडीच गुंठे,” आमचे हे चटकन म्हणाले.

हे भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. त्या सकाळी त्यांनी ‘आपण कोणत्या गावी आलो आहोत’ असे मला तीन वेळा विचारले होते. स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. डॉक्टरांच्या संमतीने आम्ही लेकीकडे आलो होतो. पण ती दिवसभर कामावर, आणि आम्ही दोघे तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात समोरासमोर. घरी, निफाडकडे, ओळखीची गल्ली तरी असते. इथे मी त्यांच्यावर पहारा ठेवीत होते, ते मला चुकवीत होते, आणि संध्याकाळपर्यंत दोघेही थकत होतो. रुग्णाची सेवा करणाऱ्या वाचकांना हे अधिक सांगावे लागणार नाही.

स्वतःचा तुकडा मिळवायचा, तर प्रतीक्षायादी लांब असते. पण अशा परिसरांत काही मळे सामुदायिक असतात. तिथे ठरलेल्या वारी जावे, हात लावावेत, दुपारचा चहा सर्वांबरोबर घ्यावा, आणि जे निघेल त्यातले थोडे घरी आणावे. लेकीने चौकशी करून आमचा बुधवार ठरवला. मुलांकडे अभ्यागत व्हिसावर जाणार असाल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथल्या नियमाप्रमाणे प्रवासाचा मुख्य हेतू स्वयंसेवा नसावा, संस्था नोंदणीकृत धर्मादाय असावी, आणि असे काम एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त होऊ नये. आठवड्याचा एक दिवस धरला, तर सहा महिन्यांचा मुक्कामही त्यात बसतो. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

मळ्यावर आठ-दहा माणसे असत. जमैकाहून तरुणपणी आलेल्या एक बाई सर्व कामे नेमून देत. पाठीच्या दुखण्यातून उठलेला एक बसचालक होता, बोलायला फारसे न आवडणारी एक तरुण मुलगी होती. कोण कशासाठी येते, हे कोणी कोणाला विचारीत नसे. मीही सांगितले नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. ह्यांच्याकडे ‘बिचारे’ म्हणून कोणी पाहिलेले मला सोसत नाही, एवढे खरे.

मेच्या शेवटच्या बुधवारी ह्यांना खुरपणीला बसवले आणि मी शेजारच्या वाफ्यावर बाकल्याच्या झाडांना काठ्या लावीत होते. दहा मिनिटे माझी नजर चुकली. वळून पाहिले, तर मार्चमध्ये पेरलेल्या कांद्याची अख्खी ओळ ह्यांनी गवत समजून उपटली होती. उपटून, मुळे एका बाजूला करून, नीट जुडी रचून ठेवली होती. बियांपासून आलेला कांदा त्या वयात गवतासारखाच दिसतो, हे मला ठाऊक होते. तरी मी सर्वांसमोर ह्यांच्यावर ओरडले. मराठीत ओरडले, म्हणून कोणाला शब्द कळले नसतील. सूर मात्र कळलाच असणार.

हे गोंधळून जुडीकडे पाहत राहिले. मग त्यांनी त्यातले एक रोप उचलून नाकाशी धरले. वास ओळखीचा होता. त्यानंतर जे झाले ते मी निफाडच्या शेतांवर शेकडो वेळा पाहिले होते. पातीची टोके त्यांनी नखाने खुडली, बोटाने मातीत भोक पाडले, रोप आत सोडले, अंगठ्याने माती दाबली. चार बोटे सोडून दुसरे. आमच्याकडे कांद्याचे रोप उपटून पुन्हा लावायचेच असते, त्यालाच लागण म्हणतात. इंग्लंडच्या वाफ्यात ती ओळ दाट पेरलेली होती आणि पुढे विरळ करावी लागणारच होती. बसचालक काही न बोलता झारी घेऊन आला आणि ह्यांच्या मागोमाग पाणी घालू लागला. दोन तास हे थांबले नाहीत. एका ओळीच्या तीन ओळी झाल्या.

चहाच्या वेळी मी त्या बाईंना आजार सांगितला. त्यांनी हळहळ व्यक्त केली नाही. तीनच प्रश्न विचारले. न सांगता निघून जातात का? दिसेल ते तोंडात घालतात का? कोणत्या कानाने नीट ऐकू येते? मग उठून त्यांनी फाटकाची कडी वरच्या खिट्टीत अडकवली, आणि कुंपणाकडेच्या फॉक्सग्लोव्हभोवती जाळी लावायला सांगितले. हे जांभळ्या घंटांचे सुंदर झाड विषारी असते आणि हृदयावर परिणाम करते. रुबार्बचे देठ शिजवून खातात, पण त्याची पाने खाऊ नयेत, हेही त्यांनी सर्वांसमोर पुन्हा सांगितले, जणू सर्वांसाठीच.

तेव्हा त्या कुंपणांचे महत्त्व माझ्या लक्षात आले. जुन्या कुटुंबांना निवांतपणा हवा म्हणून लावलेली ती काटेरी भिंत, आत यायला-जायला एकच फाटक. भरकटण्याची भीती असलेल्या माणसाला याहून चांगली जागा शोधून मिळणार नाही. त्या दुपारी मी ह्यांच्याकडे पाठ करून बाकल्याच्या शेंगा शोधीत बसले. पाऊण तास. दोन वर्षांत मी त्यांच्याकडे इतका वेळ पाठ केली नव्हती. सेवा करणाऱ्याने विश्रांती घ्यावी, असे सगळेच सांगतात. रुग्णाला कोणाकडे तरी सोपवून बाहेर जाणे, असाच त्याचा अर्थ मी धरीत आले होते. इथे दोघेही एकाच वाफ्यावर होतो, समोरासमोर नव्हतो, आणि लक्ष ठेवायला आणखी आठ जोडी डोळे होते.

तुम्ही कुठेही, आपल्याकडच्या सोसायटीच्या बागेतसुद्धा, आजारी माणसाला घेऊन असे जाणार असाल, तर आधी एकटे जाऊन पाहा. स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, वाट ओली असताना घसरते का, पाठ टेकून बसायला सावलीत काही आहे का. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर हातमोजे सक्तीचे, कारण हॉथॉर्नचा काटा खोल जातो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने ओणव्याने काम करून एकदम उभे राहू नये. आधी बसावे, मग उठावे. खतमातीची पिशवी फोडताना तोंड दूर ठेवावे, तिची धूळ फुप्फुसांना बाधू शकते. आणि काम खरे असावे. मन रमावे म्हणून दिलेले खोटे काम आजारी माणसाला लगेच कळते. ह्यांना तर विशेषच.

सगळेच बुधवार गोड गेले असे नाही. एकदा हे फाटकाशी उभे राहून ‘मला कचेरीत जायचे आहे’ म्हणून अर्धा तास हट्ट धरून बसले. पावसाचे दोन बुधवार शेडमध्ये नुसते बसून गेले. जूनमध्ये मी मेथी पेरली, ती महिन्याभरात काढणीला आली. बसचालकाला भाजी कडू लागली, त्याने तसे स्पष्ट सांगितले. ह्यांनी मात्र लेकीकडे दोन वेळा मागून घेतली.

ऑगस्टमध्ये कांदे काढले. लावलेल्यांपैकी बरेच जगले, काही लिंबाएवढेच राहिले. त्या बाईंनी पातींची वेणी घालून ते शेडच्या आढ्याला टांगले. कांदे कोणी लावले, हे ह्यांना आठवत नव्हते. “माल बरा आहे,” एवढे म्हणाले.

सप्टेंबरच्या शेवटच्या बुधवारी आम्ही निरोप घ्यायला गेलो. चहा होईपर्यंत हे मळ्याच्या कडेने पावले टाकीत चालत राहिले, लांबी झाली, मग रुंदी. परत येऊन त्या बाईंना त्यांनी मराठीतच सांगितले की जमीन कमी भरते आहे, कुंपण आत सरकले आहे, हद्द पुन्हा काढावी लागेल. मी भाषांतर केले, थोडे संकोचून. बाईंनी शेडमधून फीत आणली आणि तिचे एक टोक ह्यांच्या हाती दिले. भिंतीवर रंगवलेल्या नकाशाशी त्यांनी आकडा ताडून पाहिला. हॉथॉर्न दोन्ही बाजूंनी हातभर आत आला होता.