हीच

आमच्या घरांत भिंतीवर तुगरा चालतो, पुतळा चालत नाही. म्हणून इराणी शिल्पकार परवीझ तनावोलींच्या कामापाशी आम्ही अडखळतो. १९६५पासून त्यांनी फारसीतला 'हीच' हा शब्द पुन्हा पुन्हा घडवला. ब्राँझ, सिरॅमिक, फायबरग्लास, निऑनसुद्धा. अर्थ, काही नाही. पण ते दोन डोळ्यांचे 'हे' अक्षर मान वर काढते, खुर्चीवर रेलते, अन् माणूसच वाटू लागते. याला घरात जागा द्यावी?

अम्मी म्हणतात, "हर्फच तर आहे." अब्बा गप्प. ऐपतीचा प्रश्न तर वेगळाच. २००८मध्ये दुबईच्या लिलावात त्यांची ब्राँझची 'भिंत' २८ लाख डॉलरांवर गेली. तिच्यावरची लिपी कुणालाच वाचता येत नाही!

फारसी न कळणारी आमची धाकटी तसबिरीवर बोट ठेवते, "हीच हवी."