मायचा हिशेब

“आपली माणसं पंधराशे रुपयात विकली गेली.”

हे वाक्य माझं. २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा निकाल लागला त्या संध्याकाळी, पिंपरीत आंबेडकर चौकाजवळच्या टपरीवर मी ते फेकलं. भोवती पाच-सहा पोरं. कुणाचा घसा बसलेला, कुणाच्या पिशवीत उरलेली पत्रकं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं. हरलेल्या कार्यकर्त्याला असं एखादं वाक्य लागतंच. त्याच्या आडोशाला बसून चहा पिता येतो.

घरी गेलो. जेवताना तेच पुन्हा काढलं. माय भिंतीला टेकून बसली होती. पंचाहत्तरीला आलेली म्हातारी, कान मात्र तिखट.

“कोन विकलं?”

“आपले लोक. दुसरं कोण?”

“नाव घेऊन सांग की. तुझी बायको विकली का?”

बायको भाकरी थापत होती. तिच्या खात्यात लाडक्या बहिणीचे पाच हप्ते, म्हंजे साडेसात हजार, जमा झालेले मला ठाऊक होतं. त्यांचं पुढं काय झालं ते ठाऊक नव्हतं. तिनं भाकरी उलटली नि माझ्याकडं न बघताच म्हणाली, “पोरगा दोन महिने ब्रेकवर होता. महाळुंग्याच्या खोलीचं भाडं कुणी भरलं असं वाटतं तुम्हाला?”

मला काहीच वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर तो प्रश्नच मला पडला नव्हता. ते दोन महिने मी वस्तीवस्तीत बैठका घेत हिंडत होतो. विषय : आर्थिक लोकशाही.

दोस्तहो, हे घरातलं भांडण तुमच्यापुढं मांडायचं कारण एवढंच की हे वाक्य आता तुमच्याही तोंडी बसलंय. दर निवडणुकीनंतर मी ते ऐकतो. लोक अडाणी आहेत. लोकांना क्रांती नको, कोंबडी पाहिजे. आपणच बोलतो नि आपणच टाळ्या देतो. पांढरपेशे आपल्या वस्त्यांबद्दल जे बोलतात त्यात नि यात फरक काय राहिला?

आधी साधा हिशेब करू. सरकारनं पंधराशे दिले. विरोधातल्या आघाडीनं त्याच निवडणुकीत तीन हजारांचं वचन दिलं होतं. विकायलाच बसलेला माणूस दुप्पट भाव सोडून अर्ध्या भावात माल देतो का? पंधराशे आल्याचा मेसेज मोबाईलवर होता. तीन हजार पत्रकावर होते. आमच्या बायकांनी पत्रकं आयुष्यभर बघितलीत, त्यात भजी बांधून येतात.

आणि त्याच वर्षीचा मे महिना आठवा. १३ मे २०२४. ‘चारशे पार’ची घोषणा वस्तीत पोचली ती संविधान बदलणार या अर्थानं पोचली. ज्या बायांना बूथवर न्यायला दरवेळी रिक्षा लावावी लागते त्या सकाळी सातला चालत गेल्या. राज्यात ४८ पैकी ३० जागा आघाडीकडं गेल्या. (आपल्या मावळात मात्र तसं घडलं नाही. ते लपवायचं कारण नाही.) तेव्हा आपण म्हणालो, काय ही जागृती! सहा महिन्यांनी त्याच बाईनं त्याच बोटानं दुसरं बटण दाबलं तर ती विकली गेली. अरे, दोन्ही वेळा तिनं एकच केलं की. जे हातात आहे ते जाऊ देणार नाही, म्हणाली. मे महिन्यात हातात संविधान होतं. नोव्हेंबरात खोलीचं भाडं होतं.

आता माझ्या पोराची गोष्ट सांगतो. म्हंजे चाकणच्या हजारो पोरांची. आयटीआय झालाय, फिटर. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत ठेकेदाराच्या नावावर. कंपनीच्या गेटमधनं आत जातो, कंपनीच्या मशीनवर उभा राहतो, पण कंपनीचा कोणी नाही. २४० दिवस सलग भरले तर कायद्यात थोडी का होईना जागा मिळते, म्हणून त्याच्या आत ब्रेक. मग महिना-दोन महिने घरी, मग नवा गेटपास, नवा नंबर. तोच पोरगा, तेच मशीन. तीन वर्षं झाली, त्याची नोकरी अजून सुरूच झालेली नाही.

त्याची खोली ज्याच्या चाळीत, तो गावचा जमीनवाला. त्याचा सख्खा भाऊ लेबर कॉन्ट्रॅक्टर. पुतण्या पुढारी, बॅनरवर हात जोडून उभा. एमआयडीसीत जमीन गेली तेव्हा पैसा आला, पैशातनं चाळी आल्या, चाळीतल्या पोरांतनं लेबरचा ठेका आला नि ठेक्यातनं राजकारण आलं. घर, काम नि मत, तिन्हीच्या किल्ल्या एकाच जुडग्यात. आता तुम्ही त्या पोरापुढं पत्रक धरता : व्यवस्था उलथून टाका! तो हसतो. तुम्हाला वाटतं, घाबरट आहे. त्याला वाटतं, ह्यांना माझा पत्ता तरी माहितीय का?

मत गुप्त असतं, हे मी शंभरदा सांगितलंय. मग एकदा एका पोरानं मलाच शिकवलं. एका मतदाराचं मत गुप्त असतं, बूथचं नसतं. कुठल्या बूथवर कुणाला किती, हे निकालानंतर कागदावर येतं. एका बूथवर हजार-बाराशे नावं. चार चाळी नि दोन गल्ल्या. पुढाऱ्याला एकेकाचं नाव कळायची गरजच नाही, त्याला गल्ली कळते. नळ गल्लीला येतो, बंद पण गल्लीचाच होतो.

मायला मी त्या रात्री हे सगळं ऐकवलं, जरा शहाणपणा दाखवत. ती म्हणाली, “हे तुला आत्ता कळलं का? मला अठ्ठ्याहत्तरला कळलं.”

आम्ही मूळचे मराठवाड्याचे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. आमच्या गावात वीज नव्हती, कॉलेजात गेलेला एक माणूस नव्हता. विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हे मायला ठाऊक नव्हतं. पण बौद्धवाडा पेटला. मी आठ वर्षांचा. माझ्या आठवणीत ज्वाळा नाहीत, जळलेल्या ज्वारीचा वास आहे. कणगीतली ज्वारी रात्रभर धुमसत होती. रानात बसलो होतो. सकाळी माय परत गेली नि राखेतनं पाट्याचा दगड तेवढा घेऊन आली. तो पाटा आज पिंपरीत आमच्या मोरीपाशी आहे. महिन्याभरात आम्ही इथं आलो, कारण एका चुलत्याला इथं एका कारखान्याच्या बांधकामावर हजेरी मिळत होती.

नामांतर झालं का? सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या रात्री मायनं दारात मेणबत्त्या लावल्या नि शेजारणींना साखर वाटली. घर गेलं म्हणून ठराव चुकीचा होता असं ती कधीच म्हणाली नाही. आजही म्हणत नाही. तिची तक्रार वेगळी आहे.

“ठराव मुंबईत झाला,” ती म्हणते. “जळालो आपन. ज्यांनी हात वर केले त्यातला त्या रातीला एक तरी आलता का रानात?”

हे मी नीट ऐकायला पन्नाशी उलटावी लागली. आपली माणसं बदलाला भितात हे खोटं आहे. १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात ज्या लाखो माणसांनी तुरुंग भरले ती कोण होती? १९५६ ला देव सोडणारी माणसं कोण होती? देव सोडणं म्हंजे काय लहान बदल झाला का? सख्खे पाहुणे तुटले, गावकीची कामं सोडली म्हणून बलुतं गेलं. त्यासाठी बाबासाहेबांनी कुणाला पंधराशे दिले नव्हते. पण बाबासाहेब स्वतः आधी पायरी उतरले नि मग मागं वळून हाक मारली. त्याच्या दोन वर्षं आधी, २५ डिसेंबर १९५४ ला, ते आपल्या देहूरोडला बुद्धमूर्ती बसवायला आले होते. तिथली म्हातारी माणसं बाबासाहेब काय बोलले याच्या आधी ते आले होते हे सांगायची.

बदल आमच्या माणसाच्या चांगला ओळखीचा आहे. फक्त तो त्याला न विचारता येतो. १९९१ ला देशाचं सगळं आर्थिक धोरण फिरवलं, त्यासाठी आमच्या दारात कुणी मत मागायला आलं होतं का? २००७ ला आकुर्डीच्या बजाजमधलं गाड्यांचं उत्पादन थांबलं, काम चाकणला नि परराज्यात गेलं. फेब्रुवारी २०२५ ला चिखली-कुदळवाडीत महापालिकेनं कारवाई केली, हजारो शेड नि गोडाऊनं आठवड्यात भुईसपाट. झोपडपट्टीतल्या लहान पोराला विचारा, बदल कसा असतो. तो सांगेल, पिवळा असतो, त्याला सोंड असते. आणि त्याच शब्दाचं पत्रक घेऊन आपण जातो.

बाबासाहेबांना हे कळत होतं असं मला हल्ली वाटतं. १९४७ ला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिलं. मूलभूत उद्योग सरकारचे, विमा सरकारचा, शेती सरकारी उद्योग म्हणून सामुदायिक पद्धतीनं. आपण बैठकीत एवढंच सांगतो नि थांबतो. पण त्यांनी पुढं मागितलं होतं की हे सगळं घटनेतच लिहा, म्हंजे उद्या कुणाचंही बहुमत आलं तरी ते मोडता येणार नाही. कोट्यवधी गरिबांनी दर पाच वर्षांनी जीव मुठीत धरून नव्यानं क्रांतीला मत द्यावं, असा भार त्यांनी मतदारावर टाकलाच नव्हता. ते घटनेत आलं नाही. भार मात्र आपल्या बायकांवर आला.

१९५२ ला उत्तर मुंबईत काजरोळकरांकडनं बाबासाहेब पंधरा हजारांच्या आत-बाहेर मतांनी हरले, १९५४ ला भंडाऱ्यात हरले. “लोकांनी बाबासाहेबांना पाडलं तर आपली काय कथा” हेही आपलं आवडतं वाक्य. अरे, त्या मतदारसंघात सगळ्या जातींची मतं होती. कुणी पाडलं ते नीट बघावं, मग बोलावं. हे सांगून कंटाळलो.

आता कामगारांचं. मी आयटीआयला होतो, सप्टेंबर १९८९. राजन नायर यांच्या मागं टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते. रात्री पोलिसांनी त्यांना उचललं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी त्या आठवड्यात ठरवून टाकलं की पर्मनंट व्हायचं नि तोंड बंद ठेवायचं. मीही ठरवलं. पुढं २०१३ ला चाकणच्या बजाजमध्ये जवळजवळ ५० दिवस काम बंद होतं. त्यात एक मागणी होती, कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपयाला एक या भावानं द्या. मालकीत वाटा! आपल्या कुठल्या जाहीरनाम्यात एवढी सरळ मागणी आहे? ती मागितली पाना-स्पॅनर धरणाऱ्या हातांनी. शेअर मिळाले नाहीत. लोक कामावर परत गेले. पण मागायची हिंमत कुठनं आली ते बघा. ती पर्मनंट माणसं होती. उद्या गेटवर नाव असेल एवढी खात्री होती म्हणून मालकी मागता आली. माझ्या पोराला ती खात्री नाही, तो सुट्टी पण मागत नाही. पोटात पक्का घास असल्याशिवाय माणूस मोठं मागत नाही. आणि आपण सगळ्यात कच्च्या माणसाकडं सगळ्यात मोठं मत मागतो.

निकालानंतर महिनाभर मी कुठल्या बैठकीला गेलो नाही. मग टपरीवरची तीच पोरं घेऊन दर रविवारी संध्याकाळी महाळुंग्याला जायला लागलो. पत्रक नाही, झेंडा नाही. एका पोराच्या खोलीत बसायचं नि येईल त्याचा मोबाईल घेऊन पीएफचं पासबुक उघडून दाखवायचं. ठेकेदारानं कापलेत किती, भरलेत किती. पहिल्या रविवारी चार पोरं आली. तिसऱ्या रविवारी एकवीस. काहींच्या खात्यात तर आठ-आठ महिने कोरे. सात जणांनी अर्ज केले. मत कुणाला द्यायचं हा विषय आम्ही काढला नाही. त्यांनीही नाही.

मार्चमध्ये त्या सातातल्या एकाचा गेटपास बंद झाला. लातूरकडचा पोरगा, गावाकडं आई नि बहीण. खोलीमालकानं सांगितलं, पंधरा दिवसांत खोली खाली कर.

मी घरी आलो तेव्हा मायला सगळं कळलेलं होतं. पोरानं फोन केला असणार. तिनं एवढंच विचारलं, “मग? हाय का कोनी त्याच्यासंगं रातीला?”

त्या रात्री आमच्यातले दोघं त्याच्या खोलीवर झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी दहाजण मालकाला भेटलो. भांडण झालं नाही, भाडं रोख दिलं नि पावती मागितली. पावती मिळाली नाही, खोली राहिली. दोन महिन्यांचं भाडं वर्गणीतनं भरलं, त्यात बायकोच्या दोन हप्त्यांचे पैसे आहेत, तिनं स्वतःहून काढून दिले. तिसऱ्या महिन्याचं भाडं पाच तारखेला द्यायचंय. त्यातले अकराशे अजून कमी आहेत.